स्वमग्न : एका शब्दाचा इतिहास आणि आमचं घर

गेले तीन शनिवार इथे काहीच टाकलं नाही. "लग्न ठरलं की काय?" अशा दोन मेलही आल्या. नाही हो! ऑफिसात रिलीज होतं, आणि त्यातून उरलेले शनिवार-रविवार गावाकडच्या चकरांमध्ये गेले. आमचं गाव इंदापूर तालुक्यात, भवानीनगरच्या कारखान्याच्या बाजूला. कागदोपत्री तालुका इंदापूर, पण बाजार, कॉलेज, दवाखाना सगळं बारामती. त्याच्यापुढचं काही लागलं तर पुणे, शंभर किलोमीटर.

चकरा होत्या भाच्यासाठी. दादाचा मुलगा, सव्वातीन वर्षांचा. चालायला वेळेवर लागला, खाऊन-पिऊन गुटगुटीत. पण नावाने हाक मारली तर वळायचा नाही. हवी ती वस्तू बोटाने दाखवायचा नाही. आपलाच हात धरून तिथे न्यायचा आणि वस्तूवर ठेवायचा. दीड वर्षाचा असताना दोन-तीन शब्द यायचे, ते नंतर गेले. "मुलगा आहे, उशिरा बोलेल" हे आम्ही घरच्यांकडून ऐकलं आणि एका डॉक्टरांकडूनही ऐकलं. मग ऐकू येतं का हे बघायला बेरा टेस्ट केली, ती नॉर्मल आली. शेवटी पुण्यात एका बालविकासतज्ज्ञ डॉक्टरांनी तास-दीड तास त्याच्याशी खेळून, दादा-वहिनीला खंडीभर प्रश्न विचारून सांगितलं की हा ऑटिझम आहे.

आता नेहमीच्या वाचकांना प्रश्न पडेल, इथे आपण इतिहासावर लिहितो, हे मधेच काय? तर सांगते. निदान झाल्यावर पहिल्या आठवड्यात आमच्या घरात "पुढे काय करायचं" यावर जेमतेम अर्धा तास बोलणं झालं असेल. बाकी सगळा वेळ "कुणामुळे झालं" यावर गेला. शेजारच्या काकूंचा निकाल तर तयारच होता, "पोराच्या हातात सारखा मोबाईल, मग दुसरं काय हुनार?" वहिनी काही बोलली नाही. ताट वाढून आत निघून गेली.

पुण्याला परत येताना एसटीत मी ह्या आजाराचा (आजार म्हणावं का, ते पुढे) इतिहास वाचायला घेतला, आणि जे सापडलं ते बघून थक्क झाले. ऐंशी वर्षं अख्खं जग ह्याच एका प्रश्नाभोवती फिरतंय. कुणामुळे झालं?

आधी आमचे काका

आमच्या घरात हे पहिलं निदान असलं तरी पहिलं माणूस नाही. माझे धाकटे काका. शाळेच्या दाखल्यावर जन्म १९६२. शाळा चार महिने. लहानपणी बोलतच नव्हते, नंतर बोलायला लागले ते मोजकं आणि ठरावीक. समोरच्याने "जेवलास का?" विचारलं तर "जेवलास का" हेच उत्तर. जेवायला एकच ताटली, दुसऱ्या ताटलीत वाढलं तर उपाशी राहणार. लग्नाचा बँड वाजला की कान दाबून गोठ्यात. रोज संध्याकाळी कॅनॉलपर्यंत जाऊन परत, पाऊस असो की पाहुणे असोत.

गावाने त्यांना "येडा" म्हटलं आणि मग त्यांची सवय करून घेतली. त्याआधी जे जे करायचं ते सगळं झालं होतं. जेजुरीला नवस, अंगारा, गंडादोरा, एका देवऋषाकडे सात गुरुवार. आणि ठपका आजीवर. पोटुशी असताना ग्रहणात विळीवर भाजी चिरली म्हणे! आजीने हे मरेपर्यंत मान्य केलं होतं. मी सातवी-आठवीत असताना तिला म्हटलं होतं की आजी, ग्रहणानं असं काही होत नसतं, विज्ञानाच्या पुस्तकात आहे. ती म्हणाली, "आसंल बाई. पन माझंच कायतरी चुकलं असनार की."

पण आमच्या आजोबांनी एक गोष्ट फार भारी केली होती. काकांना लहानपणापासून वस्तू ओळीत लावायचा नाद. खडे, चपला, कणसं, जे मिळेल ते. आजोबांनी त्यांना ऊसलावणीत घेतलं. ज्यांनी लावण बघितली नसेल त्यांच्यासाठी : बेण्याच्या उसाची दोन डोळ्यांची टिपरी करतात आणि ती सरीत एकापुढे एक अशी ठेवतात की डोळे बाजूला राहावेत, वर-खाली जाऊ नयेत. कंटाळवाणं काम. इतर गडी दुपारपर्यंत टाकल्यासारखं करायला लागतात. काकांच्या सरीत मात्र एक टिपरू वाकडं नसायचं. पुढे पुढे भावकीतले लोकही लावणीला "त्याला पाठवा" म्हणून निरोप द्यायचे.

हे डोक्यात ठेवा, परत ह्यावर यायचंय.

बाल्टिमोर, १९४३

'ऑटिझम' हा शब्द काढला स्विस मनोविकारतज्ज्ञ ऑयगेन ब्लॉयलर यांनी, १९११च्या सुमारास. ग्रीक 'ऑटोस' म्हणजे स्वतः. पण त्यांनी तो वापरला होता स्किझोफ्रेनियाच्या रुग्णांबद्दल, बाहेरच्या जगाशी नातं तोडून स्वतःत बुडण्याबद्दल. मराठीतला 'स्वमग्न' हा त्याचाच सरळ अनुवाद. दिसायला सुंदर शब्द आहे, पण मला तो खटकतो. जणू पोरगं मुद्दाम तुमच्याकडे पाठ करून बसलंय!

१९४३मध्ये बाल्टिमोरच्या जॉन्स हॉपकिन्समधले डॉक्टर लिओ कॅनर यांनी अकरा मुलांवर एक लेख छापला. माणसांपेक्षा वस्तूंत रमणारी, तेच वाक्य परत म्हणणारी, रोजच्या क्रमात जरा बदल झाला की बिथरणारी मुलं. तोवर अशा मुलांवर 'मतिमंद' किंवा 'बालवयातला स्किझोफ्रेनिया' असा शिक्का बसायचा. हे काहीतरी वेगळं आहे, आणि जन्मापासून आहे, असं कॅनरनी म्हटलं.

त्या अकरातला पहिला मुलगा मिसिसिपी राज्यातल्या फॉरेस्ट नावाच्या छोट्या गावचा, डोनाल्ड ट्रिपलेट. पुढे त्याचं नाव जाहीर झालं आणि त्याच्यावर पुस्तकही निघालं. त्याच्या वडिलांनी कॅनरना आधी ३३ पानांचं टाईप केलेलं पत्र पाठवलं होतं, मुलगा काय करतो, काय करत नाही, सगळं बारीकसारीक. आजही निदानाचा पाया तोच आहे. रक्ताची तपासणी नाही, स्कॅन नाही. मुलाला नीट बघणं आणि आई-बापाला नीट विचारणं.

डोनाल्डच्या गोष्टीतला माझा आवडता भाग पुढचा आहे. तो नऊ-दहा वर्षांचा असताना त्याला गावाजवळच्या एका शेतकरी जोडप्याकडे राहायला ठेवलं. कॅनर १९४५मध्ये त्याला भेटायला गेले आणि खूश झाले. डोनाल्डला मोजायचा नाद होता, तर शेतकऱ्याने त्याला विहीर खणताना खोली मोजून सांगायला लावलं. तो मक्याच्या ओळी सारख्या मोजत बसायचा, तर नांगरताना मोज म्हणून सांगितलं. ओळी मोजता मोजता नांगरट व्हायची! पुढे डोनाल्ड कॉलेजला गेला, गावातल्या बँकेत नोकरी केली, गाडी चालवली, गोल्फ खेळला, एकटा जग फिरून आला. २०२३मध्ये ८९व्या वर्षी वारला.

हे वाचलं तेव्हा आमची एसटी यवतच्या आसपास होती. मी खिडकीबाहेर बघत बसले. मिसिसिपीतला तो शेतकरी आणि माझे आजोबा. दोघांनाही कुणी 'ऑक्युपेशनल थेरपी' शिकवली नव्हती.

(काका आणि डोनाल्ड ह्यांत एक मोठा फरक आहे हेही लिहायला हवं. डोनाल्डच्या घरच्यांची बँक होती, आई-वडील शिकलेले होते आणि त्यांना जॉन्स हॉपकिन्सपर्यंत जाता आलं. आमच्या काकांना देवऋषापर्यंत.)

फ्रीज

इथून पुढे गोष्ट बिघडते. १९४९मध्ये कॅनरनी आणखी एक लेख लिहिला. ह्या मुलांचे आई-बाप थंड, कोरडे असतात असं त्यांना वाटलं आणि त्यांनी चक्क फ्रीजची उपमा वापरली. झालं! 'फ्रीजसारख्या आया' हा शब्दप्रयोग तिथून पसरला. शिकागोच्या ब्रूनो बेटलहाइम ह्यांनी १९६७मध्ये ह्यावर गाजलेलं पुस्तक लिहिलं. आईला मूल मनातून नको असतं म्हणून ते स्वतःभोवती कोट बांधून घेतं, असा एकूण सूर. उपाय काय, तर मुलाला आईपासून तोडा.

ह्या बेटलहाइमची एक भारतीय जोडणी आहे. मिदनापूरच्या अनाथाश्रमातल्या कमला आणि अमला ह्या 'लांडग्यांनी वाढवलेल्या मुली' शाळेच्या पुस्तकात आपण वाचल्या असतील. १९२०ची गोष्ट. बेटलहाइमनी १९५९मध्ये लेख लिहून सांगितलं की लांडगे वगैरे काही नाही, ह्या मुली ऑटिस्टिक असणार. इथपर्यंत ठीक होतं (लांडग्यांची मूळ कथा खोटी असल्याचं नंतरच्या अभ्यासकांनीही दाखवलंय). पण मूल असं का होतं, ह्याचं त्यांचं उत्तर मात्र आई-बापाभोवतीच फिरत राहिलं. म्हणजे ज्या बाईचं नावगावही कुणाला माहीत नाही तीही आरोपीच्या पिंजऱ्यात!

ह्या सगळ्याला पहिला धक्का दिला तो एका बापाने. बर्नार्ड रिमलंड, अमेरिकन नौदलातले मानसशास्त्रज्ञ. मुलगा ऑटिस्टिक. बायकोला घरात बघत होते, आणि ही बाई 'फ्रीज' कशी हे त्यांना समजेना. लायब्रऱ्या पालथ्या घातल्या आणि १९६४मध्ये पुस्तक काढलं : हा मेंदूच्या जडणघडणीचा प्रश्न आहे, मायेचा नाही. १९६९मध्ये पालकांच्या संमेलनात खुद्द कॅनरनी सगळ्यांसमोर आई-बापांना दोषमुक्त केलं. १९७७मध्ये लंडनच्या सुझन फोल्स्टाइन आणि मायकेल रटर ह्यांनी जुळ्यांचा अभ्यास छापला. एकसारख्या जुळ्यांच्या ११ जोड्या आणि वेगवेगळ्या जुळ्यांच्या १०. एकसारख्यांपैकी ४ जोड्यांमध्ये दोघांनाही ऑटिझम होता, वेगळ्यांपैकी एकाही जोडीत नाही. गुणसूत्रांचा हात दिसला. २०१९मध्ये पाच देशांतल्या वीस लाख मुलांच्या नोंदी तपासल्या गेल्या, त्यात आनुवंशिकतेचा वाटा ८० टक्क्यांच्या आसपास निघाला.

आता परत शेजारच्या काकूंकडे येऊ. 'व्हर्च्युअल ऑटिझम' म्हणून हल्ली व्हॉट्सॲपवर जे फिरतं तो प्रकार डीएसएममध्ये नाही. लहान मुलाला मोबाईल कमी द्यावा, त्याच्याशी जास्त बोलावं, हे शंभर टक्के बरोबर. पण मोबाईलमुळे ऑटिझम होतो हे सिद्ध झालेलं नाही. उलट अनेकदा असं असतं की जे मूल माणसांकडे वळत नाही ते पडद्यावर शांत बसतं, म्हणून दमलेली आई तो हातात देते. आमच्या क्षेत्रातली गोष्ट आहे ही. दोन गोष्टी लॉगमध्ये एकत्र दिसल्या म्हणजे एकीमुळे दुसरी झाली असं नसतं.

१९४९चा फ्रीज, आजीचं ग्रहण आणि वहिनीचा मोबाईल. उपकरणं बदलली, आरोपी तीच.

लशीचंही तेच झालं. १९९८मध्ये अँड्र्यू वेकफिल्ड ह्यांनी 'लॅन्सेट'मध्ये १२ मुलांवर लेख छापून एमएमआर लस आणि ऑटिझमचा संबंध सुचवला. पुढे त्यातले घोटाळे बाहेर आले, २०१०मध्ये 'लॅन्सेट'ने लेख मागे घेतला आणि त्यांची डॉक्टरकीची नोंदणीही गेली. मधल्या बारा वर्षांत किती आयांनी स्वतःला "मीच लस दिली" म्हणून कोसलं असेल, त्याचा हिशोब कोण ठेवणार?

व्हर्जन हिस्टरी

आता थोडं आपल्या भाषेत. डीएसएम नावाचं अमेरिकन मनोविकारतज्ज्ञांचं निदानाचं पुस्तक आहे. त्याच्या आवृत्त्या रिलीज नोट्ससारख्या वाचता येतात. १९८०च्या तिसऱ्या आवृत्तीत ऑटिझम पहिल्यांदा स्वतंत्र निदान म्हणून आला. १९८७ला व्याख्या सैल झाली. १९९४च्या चौथीत 'ॲस्पर्गर' वेगळा आला. २०१३च्या पाचवीत हे सगळं एकत्र करून 'ऑटिझम स्पेक्ट्रम डिसऑर्डर'.

स्पेक्ट्रमची कल्पना मुख्यतः लंडनच्या लोर्ना विंग ह्यांची. त्यांचीही मुलगी ऑटिस्टिक होती. १९७९मध्ये त्यांनी आणि ज्युडिथ गूल्ड ह्यांनी लंडनच्या कॅम्बरवेल भागातली मुलं पाहून दाखवलं की कॅनरच्या चौकटीत चपखल बसणारी मुलं थोडी, पण त्याच अडचणी कमी-जास्त असणारी पुष्कळ. १९८१मध्ये त्यांनीच व्हिएन्नाच्या हान्स ॲस्पर्गर ह्यांचं १९४४चं काम इंग्रजी जगासमोर आणलं. पुढे २०१८मध्ये हेरविग चेख ह्या इतिहासकाराने कागद काढून दाखवलं की नाझी राजवटीत ॲस्पर्गरनी काही मुलं स्पीगेलग्रुंड ह्या संस्थेत पाठवली होती. तिथे जवळपास आठशे मुलं मारली गेली. निदान कुणाच्या हातात आहे ह्यावर एखाद्या मुलाचं जगणं-मरणं ठरलंय, हे त्या वेळी अक्षरशः खरं होतं.

आणि ह्या सगळ्यांच्या आधी, १९२५मध्ये, मॉस्कोच्या ग्रून्या सुखारेवा नावाच्या बाईंनी सहा मुलांचं जवळजवळ आजच्यासारखं वर्णन लिहून ठेवलं होतं. ते बरीच वर्षं कुणी विचारात घेतलं नाही. नेहमीचंच.

"पूर्वी असलं काही नव्हतं, आता फार वाढलंय" असं म्हणणाऱ्यांसाठी : अमेरिकेत २००० साली १५० मुलांत १ अशी नोंद होती, २०२२च्या मोजणीत ३१ मुलांत १. लॉगिंग सुधारलं की बग वाढल्यासारखे दिसतात, हे आपल्याला सांगायला नको. व्याख्या रुंद झाली आणि लोक बघायला लागले, हे वाढीचं मोठं कारण आहे. पूर्वीही होतं. आमच्या गोठ्यात कान दाबून बसलेलं होतं.

आपल्याकडे

१९४४मध्ये, म्हणजे कॅनरच्या लेखानंतर एका वर्षाने, मुंबईत जय आणि होरमसजी वकील ह्या जोडप्याने आपल्या मुलीसाठी म्हणून जी शाळा काढली ती आजची जय वकील. त्या मुलीला डाऊन सिंड्रोम होता. पण पुढची कित्येक वर्षं आपल्याकडे सगळ्याच वेगळ्या मुलांना 'मतिमंद' हा एकच खण होता. १९९१चा 'चौकट राजा' बघून आपल्या आधीची पिढी रडली. त्यातला नंदू अपघाताने तसा झालेला, पण लोकांच्या डोक्यात 'असली मुलं' म्हणजे नंदू. त्याच वर्षी दिल्लीत मेरी बरुआ ह्यांनी 'ॲक्शन फॉर ऑटिझम' सुरू केली. त्याही एका ऑटिस्टिक मुलाच्या आई. (लक्षात येतंय ना? रिमलंड, विंग, बरुआ. ह्या इतिहासात गाडी पुढे ढकलणारे बरेचसे आई-बापच आहेत.) मुंबईत २००१मध्ये डॉ. विभा कृष्णमूर्ती ह्यांनी 'उम्मीद' हे बालविकास केंद्र काढलं.

कायद्याचं बघा. १९९५च्या अपंग कायद्यात सात प्रकार होते, त्यात ऑटिझम नव्हता. १९९९च्या नॅशनल ट्रस्ट कायद्यात आला. २००९मध्ये सिकंदराबादच्या राष्ट्रीय संस्थेने भारतीय मुलांसाठी मोजपट्टी तयार केली, आयएसएए. चाळीस प्रश्न, प्रत्येकाला १ ते ५ गुण. ७०च्या खाली म्हणजे ऑटिझम नाही, ७० ते १०६ सौम्य, १०७ ते १५३ मध्यम, त्यावर तीव्र. २०१६च्या दिव्यांग हक्क कायद्यात २१ प्रकार झाले, त्यात ऑटिझम स्पेक्ट्रम आहे. म्हणजे काकांचं वय ५४ झालं तेव्हा!

राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाची सुरुवात फेब्रुवारी २०१३मध्ये आपल्याच राज्यात, पालघरला झाली. त्यात पथकाने अंगणवाडीत वर्षातून दोनदा आणि शाळेत एकदा मुलं तपासायची, आणि शंका आली तर जिल्ह्याच्या केंद्रात पाठवायची. यादीत ऑटिझम आहे. कागदावर ही साखळी उत्तम आहे.

आता एक कच्चं गणित. भारतात पलवल, कांगडा, ढेंकनाल, उत्तर गोवा आणि हैदराबाद अशा पाच ठिकाणी जवळपास चार हजार मुलांचा घरोघर जाऊन अभ्यास झाला, तो २०१८मध्ये छापून आला. त्यात ऑटिझमचं प्रमाण शंभरामागे एकाच्या आसपास निघालं. बारामती आणि इंदापूर तालुक्यांची मिळून लोकसंख्या २०११मध्ये आठ लाखांच्या वर होती. दहा वर्षांखालची मुलं सव्वा लाख धरली तरी हजार-बाराशे मुलं होतात. गणित माझं आहे, ढोबळ आहे. पण विचार करा, तुम्ही बारामतीत राहिला असाल तर त्यातली किती बघितलीत? मी कॉलेजची चार वर्षं धरून, एकही नाही. ती घरात आहेत, मागच्या बाकावर आहेत, गोठ्यात आहेत. आणि हंगामात फडावर आलेल्या ऊसतोड कामगारांची मुलं अंगणवाडीच्या पटावर ना इकडे ना तिकडे. त्यांच्यातल्या एखाद्याला नावाने हाक मारल्यावर तो वळत नाही हे बघणार कोण? पहाटे चारला कोयता घेऊन निघालेली आई?

अमेरिकन संशोधक तमारा डेली ह्यांनी २००४मध्ये आपल्या शहरांतल्या ९५ कुटुंबांच्या मुलाखतींवर लेख लिहिला होता. त्यांना दिसलं की भारतीय आई-बापांना खटकणारी पहिली गोष्ट बरेचदा बोलण्याची नसून माणसांत न मिसळण्याची असते. मला हे फार खरं वाटतं. वहिनी आठ महिन्यांच्या बाळाबद्दल म्हणाली होती, "वन्सं, हा माझ्याकडं बघत न्हाय हो." आम्ही सगळ्यांनी तिला गप्प केलं. मीसुद्धा.

मग करायचं काय?

औषधाने ऑटिझम जात नाही. चिडचिड किंवा स्वतःला मारून घेणं फार असेल तर काही औषधं देतात, तेवढंच. बाकी काम आहे ते शिकवण्याचं. स्पीच थेरपी, ऑक्युपेशनल थेरपी, विशेष शिक्षण, आणि सगळ्यात जास्त, घरच्यांनी रोज त्याच्याशी कसं खेळायचं-बोलायचं ते शिकणं. दर आठवड्याला इंदापूर तालुक्यातून पुण्याला जायचं म्हणजे दिवसाची मजुरी आणि तिकीट. म्हणून मला गोव्याचा प्रयोग महत्त्वाचा वाटतो. 'संगत' ह्या संस्थेने गोव्यात, आणि त्याच वेळी पाकिस्तानातल्या रावळपिंडीत, ६५ मुलांवर चाचणी केली, २०१६मध्ये 'लॅन्सेट सायकियाट्री'त आली. तज्ज्ञ नसलेले पण प्रशिक्षण दिलेले कार्यकर्ते दोन आठवड्यांतून एकदा येणार, आई आणि मुलाच्या खेळाचा व्हिडिओ घेणार आणि तो आईबरोबर बसून बघणार. "हे बघा, इथे तुम्ही थांबलात आणि त्याने तुमच्याकडे बघितलं." सहा महिन्यांत आईचं मुलाशी जुळवून घेणं आणि मुलाचं आपणहून संवाद सुरू करणं वाढलं. म्हणजे जिथे तज्ज्ञ नाहीत तिथेही काही होऊ शकतं. आशाताईंकडून असं करून घेता आलं तर भवानीनगरला पुणं आणायला नको.

आता खरी अडचण. निदान झाल्याच्या दुसऱ्या महिन्यात दादाला एका ओळखीच्याने एका मोठ्या शहरातल्या दवाखान्याचा पत्ता दिला. 'स्टेम सेल'चं पॅकेज, सुधारणेची खात्री. आकडा ऐकून दादाने रस्त्याकडेचे दहा गुंठे काढायचं ठरवलं होतं. गिऱ्हाईकही तयार. मला हे कळलं तेव्हा इसार द्यायची तारीख आठ दिवसांवर होती.

ह्या बाबतीत कागद स्पष्ट आहेत. आयसीएमआरच्या २०१७च्या मार्गदर्शक तत्त्वांनुसार ठरावीक रक्तविकार वगैरे सोडता स्टेम सेल हे उपचार नाहीत, प्रयोग आहेत; आणि प्रयोगाचे रुग्णाकडून पैसे घ्यायचे नसतात. डिसेंबर २०२२मध्ये राष्ट्रीय वैद्यक आयोगाने ऑटिझमसाठी ही थेरपी शिफारस करण्याजोगी नाही असं सांगितलं.

मी शुक्रवारी रात्रीच निघाले. पडवीत बसून दादाला हे कागद दाखवले. तो चिडला. "तुला काय जातंय बोलायला? तुझं पोरगं न्हाय." बरोबर आहे त्याचं. मग मी कागद बाजूला ठेवले आणि हीच सगळी गोष्ट सांगितली जी वर लिहिली. फ्रीज, जुळी मुलं, डोनाल्डचा मका. वहिनी चुलीशी बसून ऐकत होती. जुळ्यांचं सांगून झाल्यावर तिने एकच विचारलं.

"मग आजींना हे कुणी सांगितलंच न्हाय का हो?"

नाही सांगितलं. तो अभ्यास छापून आला तेव्हा काका पंधरा वर्षांचे होते. आजी २०११मध्ये गेली. मधल्या चौतीस वर्षांत ही बातमी लंडनहून आमच्या गावात पोचलीच नाही.

दादा बराच वेळ गप्प होता. मग उठून काकांच्या खाटेकडे गेला आणि उगाचच त्यांचं पांघरूण सारखं केलं. इसाराची तारीख टळली. कायमची टळली असं मी म्हणणार नाही, कारण आशा विकणारे परत येणार आहेत आणि बाप शेवटी बाप आहे.

सध्या आठवड्यातून एकदा बारामतीत स्पीच थेरपी, महिन्यातून एकदा पुणे, आणि घरी वहिनी रोज तासभर खाली जमिनीवर बसून त्याच्याबरोबर खेळते. तो बाटल्यांची झाकणं ओळीत लावतो, ती एक झाकण लपवते, तो शोधतो. मागच्या आठवड्यात त्याने न मिळालेल्या झाकणासाठी तिच्या तोंडाकडे बघितलं. फोनवर सांगताना तिला नीट बोलता येत नव्हतं.

काकांसाठीही अर्ज करायचं चाललंय, त्यांच्या पालकत्वाचं आणि दाखल्याचं. दादा त्या चाळीस प्रश्नांची यादी वाचत होता, अर्ध्यात थांबून म्हणाला, "हे तर आपल्या काकांनाच बघून लिहिलंय की."

तुमच्यातल्या ज्यांच्या घरी लहान बाळ आहे त्यांच्यासाठी एवढंच : वर्षाचं झालं तरी नावाने वळत नाही, दीड वर्षाचं झालं तरी बोटाने दाखवत नाही, आलेले शब्द गेले, ह्यातलं काही दिसलं तर "होईल हळूहळू" म्हणत बसू नका. दाखवून या. काही नसलं तर उत्तमच, गेला तर एक शनिवार जाईल. आणि एखादी आई म्हणाली की हा माझ्याकडे बघत नाही, तर तिला गप्प करू नका.

असो. लांबलं जरा. पुढच्या शनिवारी ठरल्याप्रमाणे इंदापूरच्या मालोजीराजांच्या गढीबद्दल. फोटो काढून ठेवलेत :)